मागच्या दारचे गाणे

औंढ्याच्या नागनाथाला जाऊन आलेल्या माणसाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. शंकराच्या देवळात नंदी समोर असायचा, तो इथे पाठीमागे आहे. आमच्या हिंगोलीकडच्या शेंबड्या पोरालाही त्याचे कारण ठाऊक असते. नामदेवमहाराज देवळापुढे भजनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते रुचले नाही. पूजेत व्यत्यय येतो, गायचेच असेल तर मागे जाऊन गा, असे त्यांनी बजावले. नामदेव मुकाट्याने मागे गेले, टाळ घेऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर उभे राहिले. नंदी मात्र होता तिथेच राहिला.

नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्याचा मान आहे ते नरसी आमच्याच जिल्ह्यातले. त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि देऊळ फिरल्याची हकीकत त्यांतही आली आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल, दगडी देऊळ काही फिरत नसते. खालचे बांधकाम यादवांच्या काळचे, वरचे नंतरचे, डागडुजीच्या वेळी दार बदलले असेल. असेल बापडे. परंतु लोकांनी ही गोष्ट सातशे वर्षे सांभाळून ठेवली, ती दगडांचा हिशेब देण्यासाठी नव्हे. कोणते गाणे पुढच्या दारी व्हायचे आणि कोणते मागच्या दारी, हे ठरवणारा कोणी तरी असतो आणि तो चुकू शकतो, एवढे तिला सांगायचे असावे.

वाचकहो, हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आयुष्यातली काही वर्षे मी स्वतःच तो पुजारी होतो.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शाळामास्तर. शाळा सांभाळून महिन्यातले काही दिवस मी मराठवाड्यातल्या एका नभोवाणी केंद्रावर लोकसंगीताच्या कार्यक्रमाला नैमित्तिक मदतनीस म्हणून जात असे. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे सांगणार आहे ती चूक माझी एकट्याची होती. काम साधे दिसे. फडताळात ध्वनिफितींची चक्रे रचलेली असत. काही मुद्रणे केंद्रातल्या बंद खोलीत केलेली, काही यंत्र गाडीत घालून गावोगावच्या जत्रांतून आणि जागरण-गोंधळांतून करून आणलेली. त्यांतून पुढच्या आठवड्यात काय वाजवायचे याची यादी मी करायची, आणि काय ठेवण्याजोगे नाही त्यावर फुली मारायची. फुलीची फीत पुसून पुन्हा नव्या मुद्रणाला घेतली जाई. नवी फीत महाग होती आणि नेहमीच अपुरी पडे.

ही खोली आमच्या मुलुखात कशी येऊन पोचली, ते थोडे सांगितले पाहिजे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पण आम्ही मुंबईच्या राज्यात नव्हतो. हिंगोली ही निजामाच्या मुलुखातली लष्करी छावणी. आमचे सरकार हैदराबादचे, दरबाराची भाषा उर्दू. हैदराबादला खासगी हौसेने सुरू झालेले केंद्र निजाम सरकारने १९३५ साली आपल्याकडे घेतले, आणि पुढे औरंगाबादलाही एक लहान केंद्र काढले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्याची वार्ताही हैदराबादच्या नभोवाणीनेच सांगितली. १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रे भारत सरकारच्या आकाशवाणीत आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६८ साली परभणीला केंद्र निघाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आपल्याच बोलीतला गोंधळी, आपल्याच गावाकडचा भारूडकार पेटीतून बोलू लागला, याचे अप्रूप आज सांगून कळायचे नाही. पान खायला थांबलेला माणूस संबळ ऐकून पान हातातच धरून उभा राही.

पण पेटीत शिरण्यासाठी गाण्याला अंग चोरावे लागले, हेही तितकेच खरे. आमच्याकडचा गोंधळ ही रात्रभराची वस्तू. लग्नकार्य आटोपले की रेणुरायी किंवा कदमरायी गोंधळी घरी बोलावायचे. पहिल्यांचे दैवत माहूरची रेणुका, दुसऱ्यांची तुळजापूरची भवानी. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पाजळायची, मग गावोगावच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन. नाईक पुढे, कमरेला संबळ बांधलेला एक, तुणतुणेवाला एक, आणि झील धरणारे मागे. आख्यानाला रंग चढायला मध्यरात्र उलटते. नाईक गातो, मध्येच थांबून गद्यात बोलतो, समोर बसलेल्या एखाद्या म्हातारीला प्रश्न टाकतो, तिच्या उत्तरावर कोटी करतो, आणि झीलकरी ती उचलून पुन्हा गाण्यावर आणून सोडतात. परभणीचे राजारामभाऊ कदम हे या कलेतले महाराष्ट्रभर नावाजलेले नाव. त्यांचे द्रौपदी-कर्णाचे जांभूळ आख्यान ज्यांनी रात्र जागवून ऐकले, त्यांना विचारावे की यातली पंधरा मिनिटे कोणती काढून देऊ.

आणि यंत्राला पंधरा मिनिटेच हवी असत. त्याच्याही आधी ग्रामोफोनच्या तबकडीला तीन-साडेतीन मिनिटे पुरत. अख्खा पोवाडा त्या तबकडीवर बसेना, म्हणून तो कापला गेला. लावणीची अंतरे गळाली. वाद्यांनाही निवडीची चाळणी लागली. ज्या पेटीवर गावोगावची भजनी मंडळे उभी होती, त्या हार्मोनियमला नभोवाणीवर १९४० सालच्या मार्चपासून बंदी होती. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. १९५२ पासून कलावंतांना आवाजाची परीक्षा देऊन श्रेणी मिळवावी लागू लागली. या प्रत्येक गोष्टीमागे काही विचार होता, हेतूही वाईट नव्हता. दरिद्री देशातल्या अफाट जनतेला काही चांगले ऐकवावे, अशीच ती धडपड होती. पण चाळणी हाती आली की हाताला चाळण्याची सवय लागते.

ही गोष्ट आपल्याकडेच घडली असे नाही. अमेरिकेत टेनेसी संस्थानातल्या नॅशव्हिल शहरी १९२५ च्या नोव्हेंबरात एका नभोवाणी केंद्राने शनिवारी रात्री खेड्यापाड्यांतले गाणेबजावणे सुरू केले. फिडल, बँजो, तोंडाने वाजवायचा बाजा. ऐकायला माणसे दाराशी गर्दी करू लागली, तेव्हा त्यांना आत घेऊन समोर बसवले, आणि त्यांच्या टाळ्या-शिट्ट्यांसकट गाणे प्रक्षेपित होऊ लागले. ग्रँड ओल ऑप्री या नावाने तो कार्यक्रम अजून चालू आहे. हे नाव त्याला १९२७ सालच्या डिसेंबरात मिळाले, त्या रात्री पहिला बाजा वाजवला डीफोर्ड बेली या कृष्णवर्णी कलावंताने. आगगाडीचा आवाज तो हुबेहूब काढी. कार्यक्रमाचा तो लाडका वादक. पण दौऱ्यावर गेल्यावर पुष्कळ खाणावळींत त्याला इतरांबरोबर जेवता येत नसे. १९४१ साली गाण्यांच्या हक्कांच्या भांडणात त्याला काढून टाकले. पुढे पोटासाठी तो बूट पुसण्याचे दुकान चालवत राहिला. १९८२ साली तो वारला, आणि त्या संगीताच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले ते २००५ साली. तेही देऊळ फिरले म्हणायचे, पण गाणारा गेल्यावर.

त्याच देशात १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन हे दोघे, तीनशे पौंडांहून जड मुद्रणयंत्र मोटारीत घालून शेतमळ्यांतून आणि तुरुंगांतून हिंडले आणि कैद्यांची गाणी त्यांनी राष्ट्रीय ग्रंथालयासाठी टिपली. आमच्याकडे याच सुमारास आणि पुढे, ओवीचा संसार वेचणारी माणसे निघाली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ केले. परभणीचे डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातल्या बायांच्या तोंडची रामकथा ओव्यांतून गोळा केली. त्यांचे ऋण फार मोठे. परंतु त्यांच्या हाती लेखणी होती, यंत्र नव्हते. शब्द राहिले. जात्याची घरघर, ओवीच्या शेवटी बाईने घेतलेला श्वास, शेजारणीने मध्येच दिलेली साथ, हे कागदावर कसे यावे? यंत्र आमच्या हाती आले होते. आता त्या यंत्राचे मी काय केले ते सांगतो.

नवरात्र जवळ आले होते. गोंधळाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठरला. माझ्यापुढे दोन फिती होत्या, दोन्ही एकाच संचाच्या, आमच्याच भागातल्या. पहिली केंद्रातल्या खोलीत केलेली. भिंतींना जाड अस्तर, दारावर लाल दिवा, कंत्राटात चार नावे, चौघांनी घड्याळाकडे बघत म्हटलेले आख्यान. एक खोकला नाही, एक सूर इकडचा तिकडे नाही. दुसरी फीत एका जत्रेत रात्री टिपलेली. तिच्यात काय नव्हते? कुत्रे भुंकत होते. पोर रडत होते. कोणी तरी ‘अरे, म्होरं सरका की’ म्हणून ओरडत होते. मध्येच संबळाची कातडी उतरली असावी, कारण ती दिवटीवर शेकून येईपर्यंत नाईक नुसता बोलत राहिला होता. झील धरणाऱ्यांत एक फाटलेला, वयस्क आवाज होता. तो वरच्या सुराला पोचत नव्हता, पण सोडतही नव्हता. आणि आईचा उदोकार झाला की सगळी जत्राच त्यात मिसळत होती, इतकी की नाईकाचे शब्द बुडून जात.

मी शिकलेला माणूस. स्वच्छ ते चांगले, असे माझे गणित. पहिली फीत यादीत घातली. दुसरीवर शेरा लिहिला : ‘गोंगाट फार. प्रक्षेपणास अयोग्य.’ आणि फुली मारली.

कार्यक्रम झाला. लोकांची पत्रेही चांगली आली. मी विसरून गेलो.

तीन-चार वर्षांनी एका रविवारी हिंगोलीत माझ्या दाराशी तो नाईक उभा राहिला. बरोबर दहा-बारा वर्षांचा पोरगा. पायरीवरच बसला, चहा घेतला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले. मग म्हणाला, “गुरुजी, एक काम हाय तुमच्याकडं. त्या जत्रंतलं गाणं लावा की एकदा.”

मी विचारले, “कोणती जत्रा, नाईक?”

“ते गाडी घिऊन आलते न्हाई का रातचं. आमचा थोरला होता बघा त्यात, झील धरायला. त्यो गेला औंदा. ह्ये त्याचं नातू. ह्याला आज्याचा आवाज ऐकवावा म्हणलं.”

तो फाटलेला आवाज थोरल्याचा होता. केंद्रातल्या खोलीत तो नव्हता, कारण कंत्राटात चौघेच होते आणि पाचवा, सुराला न पोचणारा, वगळणे सोयीचे होते. त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि त्या ठिकाणावर मी फुली मारली होती.

खोटे बोलावेसे वाटले. पण तो पोरगा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी सांगितले, “नाईक, ती फीत पुसली. मीच पुसायला सांगितली. आवाज फार होता त्यात. रेडिओवर तुमचे दुसरे लावले, खोलीतले.”

नाईक रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. थोडा वेळ पायरीवरच्या मुंग्या बघत बसला आणि म्हणाला, “त्ये बी आमचंच हाय, गुरुजी. पर त्ये आम्ही भिताडाला म्हणलं व्हतं.”

त्या दिवसापासून माझे ऐकणे बदलले. गोंधळात ऐकणारी माणसे ही गोंधळाबाहेरची नसतात. नाईकाने टाकलेला प्रश्न म्हातारीने झेलला नाही तर तो वाक्य पुरे करू शकत नाही. उदोकाराला जत्रा मिसळते, ती गाण्यात आलेली अडचण नसते. गाणे तिथवर पोचल्याची पावती असते. संबळ शेकेपर्यंत नाईक जे बोलला, ते पाठ केलेले नव्हते. ते त्या रात्रीचे, त्या गावचे, पुन्हा न होणारे बोलणे होते. मी ज्याला गोंगाट म्हटले, त्यातच गोंधळ होता. खोलीतल्या फितीत त्याची संहिता होती.

पुढे जेवढी वर्षे त्या टेबलाशी बसलो, तेवढी वर्षे माझी निवड वेगळी झाली. दोन मुद्रणे समोर आली तर ज्यात गाव गाणाऱ्याला उत्तर देते ते मी आधी घेई. आरंभीची दोन मिनिटे, वाद्ये लावताना आणि घसा खाकरताना झालेली, कापायला देत नसे. गाणे कुठून निघते ते तिथे कळते. अर्ध्या तासात आख्यान बसेना तर सगळ्याचा थोडा थोडा तुकडा घेण्याऐवजी एकच प्रसंग सलग घेई, आणि आधीची कथा निवेदनात सांगून टाकी. आणि एक हट्ट धरला. ‘लोकगीत, पारंपरिक’ एवढे लिहून चक्र फडताळात सारायचे नाही. नाईक कोण, संबळ कोणाचा, झिलीला कोण कोण, गाव कोणते, निमित्त कोणते, हे डब्यावर आणि वहीत लिहायचे. पारंपरिक हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्या पोटात हजारो माणसे नावाशिवाय निजली आहेत.

फिती पुसण्याचे पाप जगभर झाले आहे, हे मला मागाहून कळले. इंग्लंडच्या बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांत आपली पुष्कळ मुद्रणे पुसली, आणि नंतर घरोघरी कोणापाशी प्रत उरली आहे का म्हणून शोध घेतला. आपल्याकडे १९५४ साली आकाशवाणीने मुद्रणे जतन करण्यासाठी आणि केंद्राकेंद्रांत देवघेव करण्यासाठी वेगळा विभाग काढला. त्यातल्या कित्येक फिती आता संगणकावर उतरल्या आहेत, काही संग्रह विकतही मिळतात. जात्यावरच्या ओव्यांचे काम तर डोळे दिपवणारे झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने कित्येकींचे आवाज टिपले गेले, आणि २०१७ पासून ते सर्वांना ऐकायला खुले झाले. प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचे आणि गावाचे नाव आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसची बाईही त्यांत भेटते. ते ऐकताना मागे कोंबडा आरवतो, भांडे पडते, कोणी हसते. कोणी ते पुसले नाही. मला त्या कोंबड्याचा हेवा वाटतो.

आता फितींचा तुटवडा राहिलेला नाही. ज्याच्या त्याच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. तरी निवड संपलेली नाही, ती फक्त केंद्रातल्या टेबलावरून तुमच्या-आमच्या हातात आली आहे. फोन भरला की आपणही फुल्या मारतो, आणि बहुधा स्वच्छ ते ठेवून गोंगाटाचे पुसतो.

दिवाळी आली आहे. आमच्याकडे खेड्यांतून गुराखी पोरे अजून कुठे कुठे दिवट्या पाजळून गाई-म्हशी ओवाळत घरोघर फिरतात, आणि त्यांचे गाणे म्हणतात. सूर धड नसतो, शब्द निम्मे गिळलेले असतात, गुरे हंबरतात, आतून आजी ‘थांबा रे, तेल घालते’ म्हणून ओरडते. यंदा दारात ती पोरे आली तर त्यांना नीट उभे करून, गप्प करून, पुन्हा म्हणायला लावू नका. चालू द्या तसेच, आजीच्या ओरडण्यासकट, आणि ते ठेवा. पोरांची नावे विचारून लिहून ठेवा.

तो नाईक आता नाही. त्याचा तो पोरगा मोठा झाला, संबळ वाजवतो. गेल्या वर्षी औंढ्याला भेटला. देवळामागे नंदीपाशी त्याचा संच बसला होता, सभोवती पन्नासएक माणसे, एक रडणारे मूल. मी खिशातला फोन काढून पायरीवर ठेवला आणि पहाटेपर्यंत चालू राहू दिला. थोरल्याचा आवाज त्यातून परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण झिलीला एक म्हातारा होता, वरच्या सुराला न पोचणारा. त्याचे नाव मी विचारून घेतले आहे.